जाऊन-येऊन

"रेंज कम हय बोले तो? फोन नै लगता क्या उस गाडी में?"

अम्मीनं विजापूरहून फोनवर असं विचारलं आणि मला हसू आवरेना. आपल्याकडे रेंज म्हटली की ती मोबाईलची. गच्चीवर गेलं की येते, जिन्यात उतरलं की जाते. विजेच्या गाडीलाही रेंज असते. एकदा बॅटरी भरली की गाडी किती किलोमीटर जाते, ती तिची रेंज. एकाच गाडीचे कमी रेंजचा आणि जास्त रेंजचा असे दोन प्रकार मिळतात, हे तरी मला कुठं ठाऊक होतं? पण 2024च्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत या एका शब्दानं आमच्या घरात ठाण मांडलं होतं.

मी सोलापूरची. शिकले उर्दू माध्यमात, शिकवते उर्दू माध्यमात. आठवी-नववीला गणित आणि विज्ञान हे माझे विषय. शाळा अक्कलकोट तालुक्यात आहे. घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत अडतीस किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन शहात्तर. 2012 साली बी.एड. झाले, आणि त्याच वर्षी शिक्षक भरतीला बंदी आली. मग विनाअनुदानित वर्गावर लागले. सुरुवातीची वर्षं पगार असा नव्हताच, संस्था देईल ते मानधन. पुढं अनुदान आलं, तेही टक्क्यांनी. आधी वीस, मग चाळीस, मग साठ. काम शंभर टक्के आणि पगार साठ टक्के, अशा हिशेबात आमच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांची उमेद खर्ची पडली. म्हणून शोरूममधला मुलगा जेव्हा मला समजावून सांगू लागला, "मॅडम, बॅटरी शक्यतो वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही आणि फास्ट चार्जिंग ऐंशीला थांबवायचं," तेव्हा मी त्याला म्हटलं, "बाळा, वीस ते ऐंशीच्या मध्ये कसं जगायचं ते मला शिकवू नकोस." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही.

गाडी घ्यायची का, हा प्रश्न आमच्याकडे दोन वर्षं चालला होता. मी आणि माझ्याबरोबरच्या दोन शिक्षिका, आम्ही तिघी रोज एसटीनं नाहीतर वडापच्या जीपनं जायचो. वडापमध्ये चालकाच्या शेजारी कोण बसणार यावर रोज सकाळी न बोलता तोडगा काढायचा. ज्या दिवशी जीप भरल्याशिवाय हलत नसे, त्या दिवशी हजेरीवर तांबडी रेघ. तिघींनी मिळून रोजचा वाटा द्यायचा ठरवला तर गाडीचा खर्च निघेल, असा हिशेब मीच मांडला. पेट्रोल शंभरीच्या पुढं गेलेलं. लिटरला अठरा किलोमीटर धरले तरी शहात्तर किलोमीटरला सव्वाचार लिटर, म्हणजे रोजचे चारशेच्या वर रुपये. विजेवर तेवढ्याच अंतराला दहा-अकरा युनिट लागतात. घरच्या मीटरवरचा महागातला दर धरला तरी सव्वाशेच्या आसपास. एवढं गणित झाल्यावर पेट्रोलचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

माझ्या शौहरचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटारी, विहिरीवरचे पंप हे त्यांचं रोजचं काम. विजेची भीती त्यांना नाही, उलट इंजिनाची आहे. विजेवरच्या गाड्यांत आमच्या खिशाला झेपेल अशी एकच दिसत होती, टाटांची टियागो. 2022 साली ती बाजारात आली तेव्हापासून तिला दोन बॅटऱ्या आहेत. एक 19.2 युनिटची, दुसरी 24 युनिटची. एक युनिट म्हणजे हजार वॅटची इस्त्री तासभर चालवायला लागते तेवढी वीज. म्हणजे लहान बॅटरीत एकोणीस तासांची इस्त्री आणि मोठीत चोवीस तासांची. फरक फक्त पावणेपाच युनिटचा. आणि त्या पावणेपाच युनिटसाठी जास्तीचे पैसे लाखभर!

कंपनीनं त्या वर्षी जाहीर केलेले आकडे लहान बॅटरीला 250 किलोमीटर आणि मोठीला 315 असे होते. हे आकडे ठरलेल्या पद्धतीच्या चाचणीतले असतात. रस्त्यावर ऊन असतं, एसी असतो, तीन बायका आणि त्यांचे डबे असतात. विज्ञानाच्या तासाला मीच शिकवते की वेग दुप्पट झाला तर हवेचा रोध चौपट होतो. महामार्गावर नव्वद-शंभरनं गेलं की बॅटरी कशी उतरते, याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. आमच्या ओळखीत ज्यांच्याकडे ही गाडी होती त्यांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर साधारण एकच, लहान बॅटरीला दीडशे धरा, मोठीला दोनशे.

दीडशे आणि दोनशे. माझा प्रश्न या दोन आकड्यांच्या बरोबर मधे अडकला होता. शाळा जाऊन-येऊन शहात्तर. त्याला लहान बॅटरी पुरून उरते. पण अम्मी विजापूरला राहते, आणि विजापूर सोलापूरहून शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन दोनशे.

विजापूरचं नाव 2014 पासून कागदोपत्री विजयपुरा झालं, पण आमच्या तोंडी विजापूरच आहे. अब्बा मूळचे तिथले. ट्रक चालवायचे. सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्हाला वाढवलं, शिकवलं आणि म्हातारपणी आपल्या बापजाद्यांच्या घरी परत गेले. धाकटा भाऊ दम्मामला असतो. अब्बांच्या मागे अम्मी त्या घरात एकटीच राहते. शेजारी चाचांचं कुटुंब आहे, पण शेजार तो शेजार. सोलापुरात ये म्हटलं की म्हणते, "इस घर का दिया कौन लगाएगा?"

मी महिन्या-दीड महिन्यानं रविवारी जायची. सकाळची एसटी, दुपारी जेवण, चारची परतीची गाडी. अम्मीच्या हातचा चहा उभ्यानं पिऊन निघायचं, कारण सोमवारी शाळा. मला गाडी हवी होती ती निम्मी शाळेसाठी आणि निम्मी या रविवारासाठी. आणि तो रविवार लहान बॅटरीत बसत नव्हता.

घरात दोन पक्ष पडले. सासरे म्हणाले, टाकी मोठी ती चांगली. आमच्या शाळेतल्या एका सरांनी मोठ्या बॅटरीची घेतली होती. ते म्हणाले, "मॅडम, बॅटरी म्हातारी होते, हे विसरू नका." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी वहीवर मांडून पाहिलं. वर्षाचे शाळेचे दिवस सुमारे 230 धरले तर साडेसतरा हजार किलोमीटर. आठ वर्षांत एक लाख चाळीस हजार. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर आहे, म्हणजे त्यात बसतं. समजा एवढ्या काळात बॅटरीनं चौथा हिस्सा गमावला, तर दीडशेचे एकशे बारा उरतील आणि दोनशेचे दीडशे. एकशे बारामध्येही शाळा होते. पण विजापूर? तोवर अम्मी पंच्याहत्तरीच्या पुढे असेल आणि मी चव्वेचाळीसची. त्या वहीच्या पानावर मी माझ्या आईचं वय किलोमीटरच्या खाली लिहिलं आणि ते खोडून टाकलं.

हे मात्र शांत होते. म्हणाले, "गाडी खिसा बघून घ्यायची, नकाशा बघून नाही."

खिशाचं सांगते. सासऱ्यांनी गावाकडची जमीन विकली त्यातला आमचा वाटा, माझी भिशी आणि माझ्या लग्नातल्या दोन पाटल्या. एवढं एकत्र केलं की लहान बॅटरीची गाडी रोखीनं येत होती. मोठीसाठी लाख रुपये कमी पडत होते. शिक्षकांच्या पतसंस्थेत अर्ज केला असता तर आठवड्यात मिळाले असते, पण व्याजानं. मोहल्ल्यातल्या बैतुलमालकडून बिनव्याजी मिळतात ते वीस-पंचवीस हजार, आणि तेही आजारपणाला नाहीतर फीला. त्यावर मोटारीसाठी हक्क सांगायला माझं मन धजावलं नाही.

व्याजाबद्दल मी इथं फतवा द्यायला बसलेली नाही. आपल्यातले कितीजण घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज घेतात. कुणाला काय नड आहे ते त्यालाच माहीत. पण अब्बांनी आयुष्यभर दुसऱ्याचा ट्रक चालवला, स्वतःचा घेतला नाही, तो याच एका कारणासाठी. फायनान्सवाले घरी येऊन बसायचे आणि अब्बा त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. त्या माणसाच्या मुलीनं पावणेपाच युनिट विजेसाठी सूद भरायचा? आणि दुसऱ्या बाजूनं, त्याच माणसाच्या बायकोपर्यंत पोचायला ती पावणेपाच युनिटं लागत असतील तर?

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात गाडीची रेंज नव्हतीच. माझ्या डोक्यात 2021 सालचा एप्रिल होता.

एप्रिलचा शेवटचा आठवडा, रमजानचा महिना, कोरोनाची दुसरी लाट. फजरनंतर अम्मीचा फोन आला, अब्बा गेले. छातीत दुखलं, संपलं. ह्यांनी शेजाऱ्याची मोटार मागून आणली, टाकी काठोकाठ भरली आणि आम्ही निघालो. महाराष्ट्रात जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता आणि कर्नाटकात शिरायला कोरोनाच्या तपासणीचा दाखला. भीमेच्या पुलाशी, टाकळीच्या पुढं, आम्हाला थांबवलं. दाखला नव्हता, आणि मिळायला एक-दोन दिवस लागणार होते. नाक्यावरच्या माणसांनी हात जोडले, मी हात जोडले. पुलाच्या पलीकडे धूळखेड दिसत होतं. तिथून विजापूर साठ-पासष्ट किलोमीटर. जोहरनंतर दफन झालं. मी ते मोबाईलवर बघितलं, आणि तेही अर्धवट, कारण पुलाशी रेंज नव्हती.

तेव्हापासून अंतर या शब्दाचं मला भय बसलं. शोरूममध्ये मोठ्या बॅटरीच्या गाडीवर हात ठेवून मी उभी होते तेव्हा मला वाटत होतं, ही असती तर. ही कसली समजूत! त्या दिवशीही टाकी भरलेलीच होती. मला थांबवलं ते कागदानं. लाख रुपये जास्त भरून मी तो पूल ओलांडणार नव्हते. पण दुःखाला गणित शिकवता येत नाही, बी.एड.मध्येही ते शिकवत नाहीत.

एके दिवशी आठवीच्या वर्गात हा प्रश्नच मी फळ्यावर मांडला. मुलांना सरासरी आणि वेग-अंतर शिकवताना खरी उदाहरणं दिली की ती जागी राहतात. उर्दूत लिहिलं: एका गाडीची बॅटरी दीडशे किलोमीटर जाते, दुसरीची दोनशे. आईचं घर शंभर किलोमीटर. दुसरी गाडी लाख रुपयांनी महाग. कोणती घ्यावी आणि का? मुलांनी वह्या भरल्या. कुणी दर किलोमीटरचा भाव काढला, कुणी लाखाला पेट्रोलनं भागून दाखवलं. सानिया नावाची एक मुलगी वही बंद करून बसली होती. तिची आई पुण्यात घरकाम करते, ही नानीकडे राहते. मी विचारलं तर उभी राहून म्हणाली, "टीचर, उसी दिन वापस कायकू आना? रहने का ना एक रात."

वर्ग हसला. मीही हसले. पण घंटा झाल्यावर फळा पुसताना "जाऊन-येऊन दोनशे" या ओळीवर हात थांबला. दोनशे हा आकडा विजापूरनं दिलेला नव्हता, तो मी दिला होता. अम्मीचं घर शंभरच किलोमीटरवर होतं. उरलेले शंभर माझ्या घाईचे होते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लहान बॅटरीची गाडी घरी आणली. गल्लीत दाराशी ती उभी राहते. ह्यांनी दाराजवळ पंधरा अँपिअरचं सॉकेट बसवलं, त्याला कुलपाची पेटी केली. कंपनीच्या आकड्याप्रमाणे दहा टक्क्यांपासून पूर्ण भरायला लहान बॅटरीला सात तास लागतात, मोठीला पावणेनऊ. रात्री इशाला लावली की फजरला भरलेली असते. हिच्या बॅटरीचं रसायन लिथियम आयर्न फॉस्फेटचं. त्याचं एक वैशिष्ट्य असं की बॅटरी उतरत जाते तरी तिचा दाब बराच वेळ जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळे आत किती उरलंय याचा अंदाज गाडीलाही चुकू शकतो. अधूनमधून शंभर टक्के भरली की तिचा हिशेब पुन्हा जुळतो. आमच्या ओळखीचीही काही माणसं अशीच असतात, शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवत नाहीत. अब्बा तसेच होते.

पहिल्यांदा विजापूरला निघालो तेव्हा शनिवार होता. शंभर टक्क्यांवर निघालो. टाकळी, भीमेचा पूल, धूळखेड, झळकी. पुलावर ह्यांनी न सांगता वेग कमी केला. माझी नजर नदीवर कमी आणि आकड्यावर जास्त. होर्तीला आकडा पन्नासच्या खाली गेला तसा माझा आवाजही खाली गेला. ह्यांनी एसी बंद केला, वेग सत्तरवर आणला. रस्त्यात एका ठिकाणी चार्जिंगची सोय असल्याचं मोबाईल सांगत होता. तिथं पोचलो तर यंत्र बंद आणि राखणदार झोपलेला. विजापूरला गोलघुमट दिसला तेव्हा एकतीस टक्के उरले होते. तो घुमट पाहून एवढा आनंद मला लहानपणी सहलीलाही झाला नव्हता.

घरी पोचून चार्जर लावला तर त्याचा तांबडा दिवा लागला. वीज आहे, पंखा फिरतोय, पण गाडी घेईना. ह्यांनी टेस्टर लावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. घराला अर्थिंगच नव्हतं. अब्बांच्या अब्बांनी बांधलेलं घर, तारा ओढलेल्या साठ वर्षांपूर्वी, जमिनीत उतरणारी तार कुणी टाकलीच नव्हती. फ्रिजला धक्का बसायचा तेव्हा अम्मी लाकडी पाटावर उभी राहून दार उघडायची, एवढाच काय तो इलाज. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग मिळाल्याशिवाय वीज घेत नाही.

रविवारी सकाळी ह्यांनी हौदाशेजारी खड्डा खणला. चुलतभावानं बाजारातून जस्ताचा मुलामा दिलेला पाइप आणला, कोळसा आणला, मिठाची पिशवी आणली. कोळशाचा थर, मिठाचा थर, मधे पाइप आणि वरून पाणी. अम्मी बाजेवर बसून सगळं बघत होती. म्हणाली, "नमक खिलाए बगैर मानती नै गे तेरी गाडी!" दुपारी हिरवा दिवा लागला. पण तेव्हा निघालो असतो तर अर्ध्या बॅटरीवर, म्हणून दुसरी रात्रही राहिलो. सोमवारी मी रजा टाकली. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच मी अम्मीकडे लागोपाठ दोन रात्री झोपले.

दुसऱ्या रात्री, दिवा मालवल्यावर, अम्मी बोलायला लागली. जी गोष्ट तिनं चारच्या एसटीच्या घाईत मला कधीच सांगितली नव्हती, ती. अब्बांना छातीत दुखायला लागलं ते रात्री अकरा वाजता. अम्मीनं फोन हातात घेतला होता. अब्बांनी तो काढून घेतला. म्हणाले, "रात को मत बोलो उसकू. निकल को आएगी." ट्रक चालवलेला माणूस, त्यांना रात्रीच्या रस्त्याचं भय माहीत होतं. चाचांनी गाडीची खटपट केली, पण गाडी मिळेपर्यंत पहाट झाली होती. चार वर्षं होत आली तरी अम्मी हे मनात धरून बसली होती, की तिनं ऐकायला नको होतं, फोन करायला हवा होता. आणि मी धरून बसले होते की मी पोचले नाही. दोघी एकाच छपराखाली महिन्या-दीड महिन्यानं भेटायचो आणि दोघीही बोलायचो नाही, कारण परतीची गाडी चारची असायची.

मी तिला म्हटलं, "अम्मी, रात्री फोन आला असता तरी पूल बंदच होता." ती म्हणाली, "हौ." मग बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो.

आता कुणी म्हणेल, लहान बॅटरीनंच भलं केलं. इतकं सोपंही नाही. 2025च्या जुलैत एका संध्याकाळी मी शाळेतून येऊन गाडी लावते न लावते तोच चुलतभावाचा फोन आला, अम्मी न्हाणीत घसरून पडली. बॅटरी पन्नास टक्क्यांवर, म्हणजे पंचाहत्तर किलोमीटर. जायचं शंभर. घरच्या सॉकेटवर दोन तास थांबावं लागलं असतं. विजापूर रोडला फास्ट चार्जिंगचं एक ठिकाण आहे, तिथं गेलो तर आधीच एक गाडी लागलेली. त्या माणसाला सांगितलं, त्यानं भल्या मनानं आपली गाडी लवकर काढली. तरी सगळं मिळून पन्नास मिनिटं गेली. मोठी बॅटरी असती तर तिच्यात सव्वाशे किलोमीटर उरले असते आणि मी थेट निघाले असते. त्या पन्नास मिनिटांत लाख रुपये म्हणजे काय ते मला नेमकं कळलं. मी तिथल्या कट्ट्यावर बसून तसबीह ओढत होते आणि आकडा चढताना बघत होते. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट... आपला निर्णय चुकला, असं मी त्या वेळी स्वतःला स्वच्छ सांगितलं. पोचलो तेव्हा अम्मीच्या मनगटाला प्लॅस्टर घालून झालं होतं आणि ती चुलतभावाच्या बायकोला माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगत होती. अल्लाहचं करम की मनगटावरच निभावलं. दरवेळी मनगटावर निभावेलच असं नाही, हे मला माहीत आहे.

शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेनं मध्यंतरी मला विचारलं, "कोणती घेऊ?" मी तिला सांगितलं, रोजचं अंतर मोज आणि त्याची दुप्पट धर. तेवढ्यात भागत असेल तर लहान पुरे. घरी सॉकेट नसेल, रोज रात्री लावायची सोय नसेल, तर मोठी घे. महिन्यातून चार वेळा लांब जाणं असेल तरी मोठी घे. लांबच्या टोकाला कोण राहतं आणि तिथल्या घराला अर्थिंग आहे का, तेही आधी बघ. आणि कर्जाचं तुझं तू ठरव. तिनं मोठी घेतली. तिचं अंतर वेगळं आहे.

अब्बा ट्रक लावून घरी यायचे तेव्हा कितीही दमलेले असोत, आधी पंपावर जाऊन टाकी भरून यायचे. अम्मी कुरकुरायची, सकाळी भरा की. त्यांचं एकच म्हणणं असायचं, गाडीला आणि जनावराला उपाशी झोपवू नये. रात्री कुणाला काय लागेल सांगता येत नाही. जुलैतल्या त्या संध्याकाळनंतर मी तेच धरलंय. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी वायर लावते. पाहुणे असोत, पाऊस असो, पन्नास टक्के असोत की ऐंशी. बॅटरी लहान आहे, ती मला मोठी करता येत नाही. भरलेली ठेवता येते.

अम्मीला आता रेंज म्हणजे काय ते पक्कं कळलंय. रोज रात्री इशानंतर तिचा फोन येतो. आधी नातवाची विचारपूस, मग जेवणाची, आणि ठेवता ठेवता ती विचारते, "रेंज भरी क्या गे?"

"भरी अम्मी," मी म्हणते.

"हौ. सो जा फिर."